जुनी वेल्डिंग मशीन दोन-तीन रॉड मस्त चालते, मग चिपकायला लागते: वाइंडिंग भरायच्या आधी हे पाहा

लक्षण जवळपास सगळ्यांचं सारखंच असते. कुणाच्या बंद पडलेल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून नाहीतर कबाडातून २०० अँपिअरची जुनी ट्रान्सफॉर्मरवाली मशीन घेतली, घरी आणून धुतली-पुसली, निळा रंग मारला, पहिल्या दोन-तीन रॉड एकदम बढिया जळल्या, आणि मग आवाज बदलतो. चर्रर्र असा एकसारखा आवाज जाऊन फट-फट सुरू होते, रॉड चिपकते, हँडव्हील फिरवून करंट वाढवला तरी फरक नाही. बंद करून चहा घेऊन या, परत दोन रॉड मस्त. मिस्त्री येतो, मागचे नट कसतो, आठवडाभर सगळं ठीक, मग परत तेच रडगाणं. आणि तिसऱ्यांदा तोच मिस्त्री म्हणतो, "भाऊ, वाइंडिंग गेली हिची, नवीन भरा लागते."

थांबा. वाइंडिंग भरायचे पैसे मोजायच्या आधी अर्धा तास द्या आणि एक गोष्ट करा: मशीन चालू ठेवा आणि वेल्डिंग करू नका. होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, लाकडी स्टूलवर ठेवा, जॉबला, म्हणजे वेल्ड करायच्या लोखंडाला, टेकू देऊ नका, आणि नुसती चालू राहू द्या. वाइंडिंगमध्ये वेढे आपसात शॉर्ट असतील तर ते रॉड जळायची वाट पाहत नाहीत, रिकाम्या मशीनमध्येसुद्धा त्या शॉर्ट वेढ्यांत करंट फिरतो, मशीन जोरात गुरगुरते, अर्ध्या तासात गरम होते आणि जळक्या वार्निशचा वास सुटतो. तसं काही झालं तर मिस्त्री बरोबर आहे. पण मशीन नुसती कोमट झाली, आवाज नॉर्मल आहे, वास नाही, तर वाइंडिंग जास्त करून चांगली आहे आणि भानगड बाहेर आहे, म्हणजे नट, लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा कान), होल्डर, क्लॅम्प (दुसरी केबल जॉबला लावायचा चिमटा), केबल आणि भिंतीतली लाईन. माझ्या पाहण्यातल्या जुन्या मशिनींत बहुतेक वेळा तिथेच निघाली.

आता हे काऊन होते ते समजून घ्या, नाहीतर फक्त नट कसत राहाल. १०० अँपिअरवर आर्कचं व्होल्टेज साधारण २४ असते. आता मागच्या एका लगचा जोड खराब आहे, त्याचा रेझिस्टन्स समजा ०.०२ ओहम, जो साध्या मल्टीमीटरवर दिसणारसुद्धा नाही. १०० अँपिअर त्यातून गेले की तिथे २ व्होल्ट पडतात आणि २०० वॅट उष्णता तयार होते, एका नटाखाली. खरं सांगायचं तर २ व्होल्ट गेल्याने आर्क मरत नाही, ही मशीन बनवलेलीच अशी असते की आर्कचं व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी करंट फार हलत नाही. पण ते २०० वॅट तिथेच बसून राहतात. लग तापतो, तांब्यावर काळा थर चढतो, रेझिस्टन्स वाढते, आणखी तापतो, खालची हायलमची, म्हणजे करंट अडवणाऱ्या कडक शीटची, पाटी काळी होऊन दबते आणि नटाची पकड सुटते. मग तो जोड आतल्या आत ठिणग्या मारतो, संपर्क मधूनच तुटतो. आपल्या ५० हर्ट्झच्या लाईनवर एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि दर वेळी आर्क परत पेटावी लागते. त्यात जोडही मधेच दगा देत असेल तर रॉड चिपकेल नाहीतर काय होईल? थंड झाली की सगळं परत जागेवर बसते, म्हणून चहानंतर मशीन सुधारल्यासारखी वाटते. आणि नट कसला की काळा थर थोडा फुटतो, म्हणून आठवडाभर बरं चालते. थर तसाच आहे ना आत.

शोधायची सगळ्यात सोपी पद्धत हाताची आहे. दोन-तीन रॉड सलग जाळा, मशीन बंद करा, भिंतीतला प्लग किंवा मेन काढा, आणि मग बोटाने हळूच पाहत जा: मागचे दोन्ही स्टड (ज्यांवर केबलचे नट कसतात ते बोल्ट), लग, होल्डरची मूठ, केबल, क्लॅम्प. जिथे जास्त चटका, तिथे चोर. आधी हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहा, सरळ धरू नका, कधी कधी लग चांगलाच पोळतो.

पक्कं मोजायचं असेल तर मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, मशीन बंद असताना मगरीच्या चिमट्यांनी एक वायर स्टडच्या पितळी भागाला आणि दुसरी लगच्या नळीला, म्हणजे केबल जिथे दाबली आहे तिथे लावा, मग दुसऱ्याला रॉड जाळायला सांगा. तुम्ही मीटरकडे पाहायचं, आर्ककडे नाही. चांगला जोड असेल तर काही मिलिव्होल्ट दिसतील, फार तर पन्नासेक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की उघडाच. असंच मग केबलच्या टोकापासून होल्डरच्या जबड्यापर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला क्लॅम्पच्या लगपासून जॉबपर्यंत. केबलचा स्वतःचा ड्रॉप वेगळा धरा: २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल जाऊन-येऊन २० मीटर असेल तर १०० अँपिअरला साधारण दीड व्होल्ट जातात, १६ ची असेल तर अडीचच्या आसपास, ३५ ची असेल तर सव्वा एक पण नाही. याच्यापेक्षा बरंच जास्त दिसलं तर केबल ॲल्युमिनियमची आहे, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली आहे, किंवा आत अर्ध्या तारा तुटल्या आहेत. चाकूने एक तार खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर दुकानदाराने वेल्डिंग केबल म्हणून काय दिलं ते कळते.

आता एकेक जागा.

मागच्या स्टडवर वॉशर कुठे आहे ते पाहा. ही चूक इतकी दिसते की मी पहिले हेच पाहतो. वाइंडिंगची पट्टी, मग लोखंडी वॉशर, मग लग, मग नट, असं असेल तर तुमचे सगळे अँपिअर त्या गंजलेल्या लोखंडी वॉशरमधून जाऊन राहिले. लग सरळ पट्टीवर बसला पाहिजे, तांब्याला तांबं, आणि वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट हे सगळं त्याच्या वर. नट फक्त दाबायला आहे, करंट न्यायला नाही. दोन्ही भाग पॉलिश पेपरने चकाचक करा, सपाट आहेत का ते काचेवर ठेवून पाहा, वाकलेला लग हातोडीने सपाट करण्यापेक्षा नवीन घ्या, स्वस्त असतो. हायलम काळी झाली असेल तर तीपण बदला, कारण जळालेली हायलम दबत राहते आणि नट परत ढिला होते, शिवाय त्या कोळशावरून करंट बॉडीकडे वाट काढतो. हायलमची शीट आपल्या नागपुरात इतवारीत इलेक्ट्रिक मोटरच्या सामानाच्या दुकानात कापून मिळते. होल जुन्या पाटीवरून मार्क करा.

लग सोल्डरने जोडलेला असेल तर तोपण बदला. ६०-४० चं सोल्डर १८३ डिग्रीला मऊ व्हायला लागते, तापलेला जोड तिथपर्यंत पोचला की केबल आतून सुटते आणि बाहेरून सगळं ठीक दिसते. हायड्रॉलिक क्रिंपिंग, म्हणजे मशीनने दाबून लग बसवणं, करून घ्या, स्विचगिअरच्या दुकानात केबल घेऊन गेलं की करून देतात. हातोडी-छिन्नीने ठोकलेला लग हा क्रिंप नाही भाऊ.

वाइंडिंग ॲल्युमिनियमची असेल तर वेगळा त्रास आहे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साईडचा थर चढतो आणि तो करंटला अडवतो, वरून दाबाखाली ॲल्युमिनियम हळूहळू पसरते म्हणून कसलेला नट आपोआप ढिला होते. मिस्त्री दर महिन्याला कसतो त्याचं हेच कारण. ॲल्युमिनियमचं टोक आणि तांब्याचा लग सरळ एकमेकांवर ठेवू नका, मधे ओल आली की गंज धरते. बायमेटल (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम) लग किंवा बायमेटल वॉशर घ्या. टोकाला पेट्रोलियम जेली लावा आणि जेलीच्या खालीच वायर ब्रशने घासा म्हणजे नवीन थर चढायला हवा मिळत नाही, मग लगेच कसा. ॲल्युमिनियमच्या मशीनला नाक मुरडायचं कारण नाही, तांब्याच्या भावात घेतली असेल तर मात्र फसलात.

होल्डरची मूठ गरम होत असेल तर मूठ सरकवून आतला स्क्रू पाहा. तिथे तारा नुसत्या गुंडाळून स्क्रूखाली दाबलेल्या असतात, अर्ध्या तुटलेल्या. जळालेला भाग कापून टाका, तांब्याच्या पातळ पत्र्याची टोपी करून त्यावर स्क्रू दाबा. जबडे खाल्लेले असतील आणि स्प्रिंग मेली असेल तर नवीन होल्डर घ्या, त्यात जीव घालण्यात अर्थ नाही.

क्लॅम्पबद्दल लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त बोलायला पाहिजे. बाजारात पत्र्याचा जो चिमटा मिळतो त्यात केबल एकाच जबड्याला कसलेली असते, दुसऱ्या जबड्याला करंट जायला फक्त मधली पिन आणि स्प्रिंग. स्प्रिंग तापली की तिची ताकद जाते, पकड जाते, आणि आपण म्हणतो मशीन खराब. दोन जबड्यांमधे जाड तांब्याची जाळीची पट्टी टाका, नाहीतर सरळ एक छोटा सी क्लॅम्प घ्या आणि त्याच्या बॉडीला होल मारून लग बोल्टने बसवा. याच्यासमोर बाजारातला चिमटा पाणी कम चाय, म्हणजे फुसका आहे. आणि जॉबवर जिथे क्लॅम्प लागतो तिथे ग्राइंडर मारून चमकवा, प्रायमरवर लावलेला क्लॅम्प चालतही नाही आणि बंदही पडत नाही, नुसता छळतो. साइटवर सळाखीला सळाख टेकवून जॉबची अर्थिंग पुढे नेतात ते घरी करू नका. एक सळाख हलली तर करंट दुसरी वाट शोधतो, ती वाट कधी कधी घरच्या वायरिंगच्या अर्थिंगची बारीक तार असते आणि ती लाल होऊन जळते. मशीनच्या बॉडीची अर्थिंग वेगळ्या वायरने घराच्या अर्थिंगला द्यायची, जॉबच्या केबलच्या भरवशावर नाही.

एक किरकोळ गोष्ट: लांब केबलचं उरलेलं वेटोळं मशीनच्या लोखंडी बॉडीवर नाहीतर अँगलच्या ढिगावर ठेवून वेल्डिंग करू नका. एसी मशीनला ते वेटोळं चोक (करंट अडवणारी कॉइल) बनते आणि करंट खाते. केबल मोकळी पसरवा.

हे सगळं केलं आणि तरी त्रास होतो, पण फक्त संध्याकाळी, तर मशीन सोडा आणि लाईन पाहा. आपल्या इथे एप्रिल-मे मधे सात वाजले की गल्लीतले सगळे कूलर, एसी एकदम सुरू, डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, दबते. मशीनचं रिकामं व्होल्टेज, म्हणजे रॉड जळत नसताना होल्डर आणि क्लॅम्पमधे दिसणारं, लाईनच्या प्रमाणात पडते. २३० ला ७५ देणारी मशीन १९० ला ६२ वर येते, करंट अंदाजे पाचवा हिस्सा कमी होतो आणि आर्क परत पेटायलाही जीव राहत नाही. अशा वेळी १० नंबरची रॉड सोडून १२ नंबर, म्हणजे बारीक, घ्या, किंवा ते काम सकाळी करा. कूलर स्टँडची ऑर्डर घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण सीझनही तोच आणि व्होल्टेजही तेव्हाच मरते.

रॉड जळताना मशीनच्या इनपुटवरच व्होल्टेज मोजा. रिकामी असताना २२५ आणि आर्क सुरू होताच २०० च्या खाली, असं दिसलं तर वायर बारीक आहे किंवा मेन स्विच, किटकॅट (फ्यूज), चेंजओव्हर (लाईन बदलायचा स्विच) यापैकी कुठेतरी जोड जळून राहिला. १०० अँपिअरच्या आर्कसाठी ७५ व्होल्टवाली जुनी मशीन लाईनमधून ३० अँपिअरच्या वर ओढते, आर्कमधे खरी ताकद जेमतेम अडीच किलोवॅट जात असली तरी. पॉवर फॅक्टर फार कमी असतो हिचा, म्हणजे ओढलेल्या करंटच्या मानाने खरं काम थोडंच. म्हणून १६ अँपिअरच्या पिनवर, अडीच स्क्वेअरच्या वायरवर ही मशीन लावून नशिबाला दोष देऊ नका. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वेगळी लाईन मीटरपासून ओढा, ३२ अँपिअरची डबल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), इंडस्ट्रियल सॉकेट. आणि मंजूर लोड तेवढा नसेल तर महावितरणकडे वाढवून घ्या, नाहीतर बाजूच्या काकूंची टीव्ही डिम होत राहील आणि भांडण तुमच्या दारात येईल. रॉड टेकवली की घरातले काही दिवे डिम आणि काही एकदम तेज होत असतील तर काम तिथेच बंद करा, ते न्यूट्रल सैल असल्याचं लक्षण आहे आणि त्यात फ्रिजपासून सगळं जळते.

एमसीबीचं गणित लोक उलटं करतात. मशीन चालू करतानाच एमसीबी कधी पडते कधी नाही पडत, असं असेल तर मशीन बहुतेक ठीक आहे. ट्रान्सफॉर्मर चालू होताना काही क्षण खूप मोठा करंट ओढतो, किती ओढेल ते स्विच लाटेच्या कोणत्या ठिकाणी दाबला गेला त्यावर आहे, म्हणून कधी पडते कधी नाही. बी टाइप एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडते, सी टाइप ५ ते १०, डी टाइप १० ते २०. तेवढ्याच अँपिअरची डी टाइप लावा, त्रास गेला. पण चार-पाच मिनिटं वेल्डिंग केल्यावर मधूनच पडत असेल तर तो खरा ओव्हरलोड आहे, तिथे ४० ची एमसीबी टाकून जुनी वायर तशीच ठेवणं म्हणजे भिंतीत आग लावणं. आणि ईएलसीबी (करंट गळायला लागला की पडणारा स्विच) पडत असेल तर ती काढून टाकू नका. बहुतेक वाइंडिंगमधे ओल किंवा धूळ आहे. प्लग काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (करंट किती गळतो ते पाहायचं मीटर) प्रायमरी (लाईनकडची वाइंडिंग) ते बॉडी पाहा, अडीच मेगाओमच्या वर पाहिजे, आणि प्रायमरी ते सेकंडरी (रॉडकडची वाइंडिंग) ५ च्या वर. पावसाळ्यात शेडमधे पडून असलेली मशीन कमीच दाखवते, कव्हर काढून उन्हात दोन दिवस ठेवा, मग मोजा. नागपूरचं ऊन फुकट आहे, त्याचा एवढा तरी फायदा.

काही मशिनी आणल्या त्या दिवसापासूनच पेटत नाहीत. त्यांचं रिकामं व्होल्टेज मोजा. ७०-८० च्या जागी ४०-४२ दिसलं तर मशीन दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर जोडलेली आहे आणि तुम्ही घरच्या २३० वर लावून राहिले. कारखान्यातून निघालेल्या मशिनींत हे हमखास असते. आत टर्मिनलवर पट्टी बदलायची सोय असेल तर २३० ला करा, नसेल तर ती मशीन घरच्या सिंगल फेजवर चालणारच नाही, कितीही साफ करा. उलटं कधीच नको, २३० ची जोडणी ४१५ वर लावली की त्याच मिनिटाला धूर.

उन्हाचीपण एक गोष्ट. मशीनची ड्यूटी सायकल, म्हणजे १० मिनिटांत किती वेळ वेल्डिंग करता येते ते, ४० डिग्री धरून लिहिलेली असते. २०० अँपिअरला २० टक्के म्हणजे १० मिनिटांत २ मिनिटं. १०० अँपिअरला तीच मशीन ८० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून घरच्या कामात सहसा अडत नाही. पण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, टिनाच्या शेडखाली हवाच ४५ च्या वर असते, तेव्हा मशीनला आराम द्या, स्वतःलापण द्या. घामाने ओला हातमोजा आणि ७५ व्होल्ट एसी ही जोडी चांगली नाही, रॉड बदलताना उघडा हात होल्डरला लावू नका, सुक्या मोज्यांची दुसरी जोडी जवळ ठेवा.

रॉड तपासणं राहूनच गेलं. दोन रॉड एकमेकींवर वाजवा, सुकी रॉड टण्ण वाजते, ओलसर बद्द. ६०१३ ची (नेहमीची साधी) रॉड १०० डिग्रीच्या आसपास तासभर सुकवली की पुरते, जास्त भाजली तर तिचा लेप खराब होते. ७०१८ ला (कमी हायड्रोजनवाल्या रॉडला) ३०० च्या वर लागते, आणि तसंही जुन्या एसी मशीनवर ७०१८ चिपकली तर मशीनला शिव्या देऊ नका, तिला रिकामं व्होल्टेज जास्त पाहिजे.

विकत घेताना लोहा ओळीत, कामठी रोडला किंवा हिंगण्याच्या बाजूला कुठेही पाहा, सोबत मल्टीमीटर, ब्लेड आणि पॉलिश पेपर न्या. वाइंडिंगच्या टोकाचं वार्निश ब्लेडने खरवडून तांबं की ॲल्युमिनियम ते स्वतः पाहा, मागचा पितळी स्टड पाहून खुश होऊ नका. हँडव्हील पूर्ण इकडून तिकडे फिरते का, मधला कोअर (लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा) खडखडतो का ते पाहा. खडखड असेल तर लॅमिनेशनचे, म्हणजे त्या पत्र्यांचे, बोल्ट कसून निघते, फक्त उघडलेच तर बोल्टवरच्या फायबरच्या नळ्या परत टाका, त्या विसरलात तर कोअरच्या आत करंट फिरून कोअर तापते. विकणारा म्हणेल, "दादा, चालू कंडिशन आहे." मग त्याच्याच लाईनवर अर्धा तास रिकामी चालवू द्या म्हणा. तेवढं करू देत नसेल तर भाव किलोचा, म्हणजे भंगाराचा, लावा, नाहीतर पुढच्या दुकानात चला.